चाकांवरचं घर आणि सोबतीला कुत्रा

'थोडा इतिहास, थोड्या गप्पा' या आपल्या सदरात आज जरा वेगळा विषय घेतला आहे. विलायतेत आणि अमेरिकेत लोक सुट्टीला निघतात ते कधी कधी घर घेऊनच निघतात. मोठी मोटार असते. आत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, छोटा संडाससुद्धा. तिला मोटारहोम म्हणतात. आणि त्या घरासोबत घरचा कुत्राही निघतो. गटाच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला तेव्हा पहिल्यांदा हसूच फुटलं. "आपल्याला माहेरी दोन दिवस जायचं तर जनावराचं कोण बघेल म्हणून पाय निघत नाही, आणि हे लोक कुत्र्याला घेऊन फिरायला जातात!" असं एकीनं म्हटलं. खरं आहे. पण या हौसेचा इतिहास उलगडत गेलो तसं आमच्या लक्षात आलं, की त्याचे धागे आपल्या गावापर्यंत येऊन पोचतात. एक धागा भटक्या माणसांचा आहे आणि दुसरा पिसाळलेल्या कुत्र्याचा. म्हणून आजची गोष्ट नुसती गंमत म्हणून ऐकू नका. शेवटी एक कामाचं बोलणंही आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. घर सोबत घेऊन फिरणं हा काही श्रीमंतांचा शोध नव्हे. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतोच. दिवाळीच्या सुमाराला आपल्या शिवारात धनगरांचा वाडा उतरतो. घोड्यावर भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, पिंजऱ्यात कोंबड्या, वर बसलेलं लेकरू. मागे मेंढरं आणि मेंढरांच्या कडेनं कुत्री. रात्री वाघरीच्या जाळ्यात मेंढरं बसली की त्यांच्या भोवतीची राखण कुत्र्यांकडेच असते. लांडगा आला तर आधी कुत्र्याला कळतं. म्हणजे माणूस, घर आणि कुत्रा ही तीन जणांची वाटचाल फार जुनी आहे. फरक एवढाच, की धनगराचा कुत्रा कामावर असतो. मोटारहोममधला कुत्रा सुट्टीवर असतो.

युरोपातही चाकांवरच्या घराची सुरुवात पोटासाठी फिरणाऱ्यांनीच केली. एकोणिसाव्या शतकात जत्रेत खेळ करणारे लोक आणि रोमा लोक घोड्यानं ओढायच्या लाकडी घरगाड्यांत राहू लागले. आत छोटी चूल, वर धुराडं, बाहेरून रंगीत नक्षी. गाडीच्या खाली किंवा बाजूला धावणारा त्यांचा कुत्रा असे. इंग्रज या लोकांना जिप्सी म्हणत. ते इजिप्तमधून आले असावेत अशी त्यांची समजूत होती, त्यावरून ते नाव पडलं. पण ती समजूत चुकीची होती. हे लोक मुळात आपल्या भारतातून साधारण हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडे गेले. हे कळलं कसं? तर त्यांच्या भाषेवरून. रोमा लोक पाण्याला पानी म्हणतात, नाकाला नाक म्हणतात, कानाला कान म्हणतात. मेंढ्याला बकरो म्हणतात. काळ्याला कालो म्हणतात. हजार वर्षं चालून, कित्येक देश ओलांडून गेलेल्या माणसांच्या तोंडी हे शब्द टिकून राहिले. आपल्या चुलीजवळ बसून त्यांनी पाणी मागितलं तर आपल्याला कळेल!

या लोकांना इंग्लंडनं कसं वागवलं तेही सांगायला हवं. १५३० साली तिथल्या राजवटीनं कायदा करून त्यांना देशात यायला बंदी घातली. १५५४ साली तो कायदा आणखी कडक करून मृत्युदंडाची शिक्षा ठेवली. गुन्हा काय? तर एका जागी न राहणं आणि वेगळं दिसणं. आता हे ऐकून तुम्हाला आपल्याकडचं काही आठवलं असेल. याच इंग्रजांनी १८७१ साली आपल्या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो देशभर लागू झाला. कितीतरी भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण या माणसांची सुटका ३१ ऑगस्ट १९५२ ला झाली. आजही आपल्या गटातल्या पारधी, कैकाडी बहिणी तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतात.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. १८८५ सालची गोष्ट. विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ होते. आधी ते इंग्रजांच्या आरमारात डॉक्टर होते. नोकरी सोडून ट्वायफर्ड या गावी राहू लागले आणि मुलांसाठी साहसकथा लिहू लागले. कुत्र्या-मांजरांच्या निगराणीवरही त्यांनी पुस्तकं लिहिली होती. त्यांना वाटलं, जिप्सी लोकांसारखं आपणही घर घेऊन देश बघावा. ब्रिस्टलच्या कारखान्यात त्यांनी महोगनी लाकडाची खास घरगाडी बांधून घेतली आणि तिचं नाव ठेवलं 'वाँडरर', म्हणजे भटकी. भरल्या सामानासकट तिचं वजन दोन टनांच्या आसपास होतं आणि ती ओढायला दोन घोडे होते. निव्वळ हौसेसाठी, सुट्टी घालवण्यासाठी बांधलेली ही पहिली घरगाडी असं मानतात. ती आजही जपून ठेवलेली आहे.

सोबतीला कोण होतं? एक गाडीवान, एक घरगडी, एक काकाकुवा आणि एक भला मोठा काळा कुत्रा. न्यूफाउंडलंड जातीचा, नाव हरिकेन बॉब, म्हणजे आपल्या भाषेत वादळ्या. घरगडी तीनचाकी सायकलवर पुढे जाई, कारण रस्ते अरुंद होते आणि समोरून दुसरी गाडी आली तर पंचाईत. अशा थाटात डॉक्टरसाहेब इंग्लंडच्या दक्षिणेकडून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत गेले. तेराशे मैलांचा प्रवास. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं, ते खूप वाचलं गेलं. पुढे १९०७ साली हौशी लोकांनी कॅरॅव्हॅन क्लब काढला, तेव्हा स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले. ते स्वतःला मोठ्या अभिमानानं 'सभ्य जिप्सी' म्हणवून घेत.

हा शब्द ऐकून आम्ही थोडं थांबलो. सभ्य जिप्सी! म्हणजे बाकीचे असभ्य का? तोच रस्ता, तशीच गाडी, तसाच बाजूला चालणारा कुत्रा. पण एकाच्या गाडीपाशी शिपाई येऊन उठ म्हणतो आणि दुसऱ्याच्या गाडीपाशी गावकरी कौतुकानं जमतात. घर सोबत घेऊन फिरणं हा गुन्हा की हौस, हे फिरणाऱ्याच्या खिशावर ठरतं. हे इंग्लंडमध्ये संपलं असं समजू नका. तिथे २०२२ साली पुन्हा कायदा झाला. परवानगीशिवाय कुणाच्या जागेवर गाडी लावून राहिलं, उठायला सांगूनही उठलं नाही आणि त्रास किंवा नुकसान झालं असं ठरलं, तर तो फौजदारी गुन्हा धरला जातो. त्याचा फटका रोमा आणि इतर फिरस्त्या कुटुंबांनाच बसतो, म्हणून त्यांनी त्याला विरोध केला.

आता समुद्र ओलांडून अमेरिकेत जाऊ. घोडे गेले, मोटार आली. १९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन या डॉक्टरांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पन्नास डॉलरची पैज लावली, की मोटारीनं सगळी अमेरिका आडवी पार करून दाखवतो. तोवर कुणी हे केलेलं नव्हतं. धड रस्ते नव्हते, पेट्रोलपंप नव्हते. त्यांनी विंटन कंपनीची मोटार घेतली आणि सेवॉल क्रॉकर नावाचा मिस्त्री सोबत घेतला. २३ मे रोजी दोघे निघाले. वाटेत आयडाहो राज्यात त्यांनी पंधरा डॉलरला एक कुत्रा घेतला. त्याचं नाव बड. उघड्या मोटारीत खारट धूळ उडून त्याचे डोळे चुरचुरत, म्हणून त्याला माणसासारखा गॉगल बांधला. गॉगल घातलेला कुत्रा मोटारीत पुढे बसलेला, हा फोटो तेव्हाच्या वर्तमानपत्रांत गाजला. ६३ दिवसांनी, २६ जुलैला तिघे न्यूयॉर्कला पोचले. ती मोटार आणि बडचा तो गॉगल अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात ठेवलेला आहे.

इथे एका बाईचंही नाव घेऊया, नाहीतर ते राहून जातं. १९०९ साली ॲलिस रॅम्सी या बावीस वर्षांच्या तरुण मुलीनं तीन बायकांना सोबत घेऊन न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत स्वतः मोटार चालवत नेली. ५९ दिवस लागले. टायर तिनंच बदलले, बिघाडही तिनंच काढले. सगळी अमेरिका मोटारीनं पार करणारी ती पहिली स्त्री.

मोटारीत घर बसवायला मग फार वेळ लागला नाही. १९१० साली पिअर्स-ॲरो या कंपनीनं आत झोपण्याची सोय असलेली मोटार प्रदर्शनात मांडली. पण ती फार महाग होती. साध्या माणसांनी स्वतःच्या मोटारीला तंबू, पेट्या, फळ्या जोडून जुगाड केला. १९१९ साली फ्लोरिडा राज्यातल्या टँपा गावात अशा लोकांनी एकत्र येऊन 'टिन कॅन टुरिस्ट' नावाची संघटना काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत फोक्सवॅगनच्या छोट्या गाडीत पलंग आणि शेगडी बसवून मिळू लागली. १९६६ पासून अमेरिकेतल्या विनेबागो कंपनीनं कारखान्यात एकामागून एक मोटारहोम तयार करायला घेतले. वस्तू जास्त बनली की स्वस्त होते, हे आपल्या पापडाच्या उद्योगातही आपण बघतो. तसं झालं आणि ही हौस मध्यमवर्गापर्यंत आली.

या सगळ्या काळातला सर्वांत प्रसिद्ध प्रवासी कुत्रा म्हणजे चार्ली. जॉन स्टाइनबेक हे अमेरिकेचे मोठे कादंबरीकार. १९६० साली ते ५८ वर्षांचे होते, तब्येत बरी नव्हती. त्यांना वाटलं, आपण ज्या देशाबद्दल लिहितो तो देश आपल्याला आता माहीत राहिला आहे का? त्यांनी एका मालमोटारीवर छोटं घर बसवून घेतलं आणि सप्टेंबरात निघाले. सोबत पूडल जातीचा, वय झालेला चार्ली. एकट्यानं निघायला मन धजावेना, म्हणून त्यांनी पत्नीला विचारलं की चार्लीला नेऊ का, आणि तिनं आनंदानं हो म्हटलं. साधारण दहा हजार मैल ते फिरले. १९६२ साली 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक आलं. त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिकही मिळालं.

त्या पुस्तकात एक गोष्ट आम्हाला पटली. अनोळखी गावात गाडी थांबली की स्टाइनबेक चार्लीला पुढे सोडत. परक्या माणसाशी कुणी आपणहून बोलत नाही, पण कुत्र्याकडे बघून "कुठल्या जातीचा हो?" असं कुणीही विचारतं. तिथून बोलणं सुरू होतं, मग चहा-कॉफी होते. आपल्याकडे कडेवरचं बाळ हे काम करतं. एसटीत बाळ असलं की दोन स्टॉपात अख्ख्या गाडीची ओळख होते.

पण आणखीही एक गोष्ट सांगायला हवी. पुढे अभ्यासकांनी स्टाइनबेक यांची पत्रं आणि हस्तलिखित तपासलं. तेव्हा दिसलं, की ते पुस्तकात वाटतात तितके एकटे नव्हतेच. प्रवासात बरेच दिवस पत्नी इलेन त्यांच्या सोबत होती. पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रवासात तर ती होती, पण छापील पुस्तकातल्या त्या भागातून ती गायब झाली. कुत्रा मात्र पानोपानी आहे! मैत्रिणींनो, इतिहास वाचताना बाई कुठे गेली हे शोधायचं असतं ते यासाठीच.

आता आपण गोष्टीच्या कामाच्या भागाकडे येतो. त्याच प्रवासात स्टाइनबेक नायगाऱ्याजवळून कॅनडात शिरू बघत होते. मधला रस्ता तिकडून जवळ पडत होता. सीमेवर अधिकाऱ्यानं विचारलं, कुत्र्याला रेबीजची लस दिल्याचा दाखला आहे का? दाखला जवळ नव्हता. कॅनडात जाता आलं असतं, पण दाखल्याशिवाय अमेरिका कुत्र्याला परत आत घेणार नव्हती. एवढे मोठे लेखक, पण त्यांना मागे फिरावं लागलं. एका कागदासाठी! आपल्याला वाटेल, काय हा जाच. पण तो कागद का हवा असतो, याचीही एक गोष्ट आहे आणि ती पुन्हा १८८५ सालचीच आहे.

ज्या उन्हाळ्यात डॉक्टर स्टेबल्स कुत्र्याला घेऊन घरगाडीतून फिरत होते, त्याच उन्हाळ्यात फ्रान्समध्ये एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन पॅरिसला पोचली. मुलाचं नाव जोसेफ माइस्टर. त्याला पिसाळलेल्या कुत्र्यानं चौदा ठिकाणी चावा घेतला होता. तेव्हा पिसाळलेला कुत्रा चावणं म्हणजे मरणच. लुई पाश्चर या शास्त्रज्ञानं रेबीजवर लस तयार केली होती, पण माणसाला धड कधी टोचली नव्हती. ६ जुलै १८८५ रोजी पहिलं इंजेक्शन दिलं. पुढच्या काही दिवसांत मिळून तेरा इंजेक्शनं दिली. जोसेफ वाचला. आई वेळेवर निघाली, म्हणून वाचला.

ती लस भारतातही आली. त्याआधी कुत्रं चावलेल्या गोऱ्या सोल्जरांना उपचाराला थेट पॅरिसला पाठवत. इथल्या माणसाला कोण पाठवणार? १९०० साली हिमाचलातल्या कसौलीला आणि १९०७ साली दक्षिणेत कुन्नूरला पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९११ साली कसौलीलाच डेव्हिड सेंपल यांनी मेंढीच्या मेंदूपासून नवी लस बनवली. पोटात चौदा इंजेक्शनं म्हणून आपल्या आज्या-सासवा जिला घाबरायच्या, ती हीच लस. कित्येक जण त्या भीतीनं दवाखान्यात जायचेच नाहीत. २००४ च्या अखेरीस ती लस भारतात बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत मोजकीच इंजेक्शनं देतात. पोटात एकही नाही. ही गोष्ट गावात अजून अनेकांना माहीत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो आहोत.

इंग्लंडनं दुसरा मार्ग धरला. ते बेट आहे, चारी बाजूंनी पाणी. कुत्र्यांना मुसक्या बांधणं आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर बंदी असे कडक नियम करून १९०२ पर्यंत त्यांनी रेबीज संपवला. पहिल्या महायुद्धानंतर परतणाऱ्या सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर १९१८ ला तो पुन्हा आला. १९२२ ला पुन्हा संपवला. त्यानंतर नियम असा, की परदेशातून कुत्रा आणला तर त्याला सहा महिने सरकारमान्य कोंडवाड्यात ठेवायचं, खर्च मालकाचा. त्यामुळे कित्येक वर्षं इंग्लंडमधल्या माणसाला मोटारहोम घेऊन फ्रान्सला जायचं तर कुत्र्याला घरीच ठेवावं लागे. पंधरा दिवसांच्या सुट्टीसाठी सहा महिन्यांचा कोंडवाडा कोण पत्करेल? आणि १९६९ साली तर कॅम्बरली गावात सहा महिने पूर्ण करून सुटलेला एक कुत्रा थोड्याच दिवसांत पिसाळला. तेव्हा तर लोक फारच धास्तावले.

मग हे दार उघडलं कसं? त्याचं श्रेय कुत्र्यांच्या लसीला आहे, तसं कोल्ह्यांच्या लसीलाही आहे. युरोपात रेबीज कोल्ह्यांमधून पसरत होता. कोल्ह्याला धरून इंजेक्शन कोण देणार? १९७८ साली स्वित्झर्लंडमधल्या लोकांनी युक्ती केली. कोंबड्यांच्या मुंडक्यांत लस भरली आणि ती मुंडकी रानात टाकली. कोल्ह्यांनी खाल्ली आणि त्यांना लस मिळाली. पुढे इतर देशांनीही असं लसीचं आमिष टाकलं. १९९९ साली स्वित्झर्लंड आणि २००१ साली फ्रान्स रेबीजमुक्त जाहीर झाले. जी मुंडकी आपण खाटकाच्या दुकानामागे टाकून देतो, त्यांनी एवढं मोठं काम केलं.

त्यानंतर २८ फेब्रुवारी २००० पासून इंग्लंडनं नवी पद्धत आणली. कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवायची, म्हणजे कुत्रा तोच आहे हे कळतं. मग लस टोचायची आणि तसा दाखला घ्यायचा. अशा अटी पूर्ण केल्या की कोंडवाडा नाही. २००४ पासून युरोपात कुत्र्याला चक्क पासपोर्ट मिळू लागला. त्यात त्याचा चिप नंबर आणि लसीच्या तारखा. नंतर इंग्लंड युरोपीय संघातून बाहेर पडलं आणि २०२१ पासून तिथला पासपोर्ट चालेनासा झाला. आता तिथल्या माणसाला युरोपात जायचं तर जनावरांच्या डॉक्टरकडून वेगळा दाखला घ्यावा लागतो. माणसांचं राजकारण कुत्र्याच्या वहीपर्यंत पोचतं ते असं. पण चिप आणि लस ही मूळ अट कुणी सोडली नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यांचा कुत्रा पासपोर्टवर फिरतो, त्यात आपलं काय? आपलं बरंच काही आहे. जगात रेबीजनं जेवढी माणसं मरतात, त्यातली साधारण एक तृतीयांश आपल्या भारतात मरतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात लहान मुलं फार. ज्या आजारावर १८८५ पासून लस आहे, त्या आजारानं! गोव्यानं काय केलं बघा. २०१४ पासून तिथे गावोगावी, गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचायची मोहीम चालवली. शाळांमधून मुलांना शिकवलं. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं तिथे रेबीजनं माणूस दगावल्याची नोंद झाली नाही. गावातल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, असा याचा हिशोब आहे. कुत्री मारून हे होत नाही, लस टोचून होतं.

म्हणून गटातल्या मैत्रिणींना आमचं सांगणं असं. कुत्रं चावलं किंवा त्यानं ओरखडलं, तरी पहिल्यांदा वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून धुवायची. चटणी, चुना, तेल, हळद काही लावायचं नाही. बाहेरच्या उपायात वेळ घालवायचा नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. जखम खोल असेल तर लसीबरोबर दुसरंही औषध जखमेत टोचावं लागतं, ते विचारून घ्यायचं. आणि डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना डोस पूर्ण करायचे. खुरपणी आहे, लग्न आहे म्हणून डोस चुकवायचा नाही. हा रोग एकदा लक्षणं दिसेपर्यंत पोचला की मग जवळपास कुणीच वाचत नाही. आधी मात्र पक्का वाचवता येतो.

दुसरं सांगणं कामधंद्याचं. २०२१ साली महाराष्ट्र शासनानं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आहे. म्हणजे अशी चाकांवरची घरं आपल्याकडेही येऊ शकतात. पर्यटनाच्या ठिकाणाजवळ ज्या गटांचं जेवण-नाश्त्याचं काम आहे, त्यांनी याचा विचार करायला हरकत नाही. गाडी उभी करायला सपाट जागा, पिण्याचं पाणी, सांडपाणी सोडायची सोय, लाइटचं कनेक्शन आणि गरम भाकरी, एवढं तर लागतंच. पाहुण्यासोबत कुत्रा असेल तर लसीचा दाखला बघायचा आणि शेळ्या-कोंबड्यांच्या बाजूला त्याला मोकळं सोडू द्यायचं नाही. विचारायला लाजायचं नाही, नोबेल मिळवणाऱ्या लेखकालाही विचारला होता. आणि भर उन्हात बंद गाडीत कुत्रा ठेवून कुणी फिरायला गेलेलं दिसलं तर हाक मारून सांगायचं. बाहेर २२ अंश असलं तरी बंद गाडीत तासाभरात ४७ अंशांपर्यंत उष्णता जाते, असं विलायतेतली प्राणिरक्षणाची जुनी संस्था लोकांना बजावते. आपल्या एप्रिल-मेचा हिशोब तुम्हीच करा.

आणि तिसरं सांगणं मनाचं आहे. उद्या रंगीत मोटारहोम आली तर गावातली पोरं फोटो काढायला धावतील, आपण चहा विचारू. विचारायलाच हवा. पण दिवाळीनंतर जो वाडा शिवारात उतरतो, त्यातली बाईही घरच घेऊन निघालेली असते. तिच्याही दारात कुत्रा असतो. तिलाही पाणी लागतं, तिच्याही लेकराला डोस लागतो. आशाताईंना सांगून त्या वाड्यातल्या लेकरांची नावं नोंदवणं, पशुवैद्यकीय दवाखान्यातून त्यांच्या कुत्र्यांना लस मिळवून देणं, हे आपल्या ग्रामसंघाच्या हातात आहे. पुढच्या बैठकीत हा विषय नोंदवहीत घ्या. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो. त्याच्या आधी गावातल्या कुत्र्यांचं लसीकरण शिबिर मागायचा ठराव ग्रामसभेत मांडता येईल. अर्ज कसा लिहायचा हे कळलं नाही तर आपापल्या समन्वयकांना विचारा, आम्ही सोबत बसून लिहू.

आज इथेच थांबतो. नमस्कार.